दुसरी मूठ

आमचे नवे पाळकसाहेब शांतीसाठीची प्रार्थना ठोक भावात करतात. रविवारी उपासनेच्या शेवटी मोबाईल काढतात, त्यात बघून जिथे जिथे युद्ध चालू आहे त्या देशांची नावं एकामागून एक घेतात आणि "या सर्वांना शांती दे" म्हणून मोकळे होतात. माणूस भला आहे, आवाजही गोड आहे. पण मागच्या बाकावर बसून मला हसू येतं. एवढ्या मोठ्या प्रार्थनेत एकही माणूस सापडत नाही. मी आमेन म्हणते, कारण आमेन न म्हणण्याइतकी मी आगाऊ नाही. मनात मात्र म्हणते, साहेब, जरा किरकोळीत या.

परवा उपासनेहून घरी येताना बीडच्या रस्त्याकडेला हुरडा भाजत होते. गोवऱ्यांचा धूर आणि कोवळ्या ज्वारीचा तो गोडसर वास नाकात गेला आणि माझे पाय थांबले. नातवाने पाव किलो घेतला, तिळाच्या चटणीसकट. दर वर्षी या दिवसांत लोकांना हुरड्याचा वास आला की शेतं आठवतात, आगट्या आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला आठवतो तो हंगाम, ज्यात हुरडा झालाच नाही.

एका नाताळापासून दुसऱ्या नाताळापर्यंतचा तो काळ. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. आमच्या घरात तो मुठीचा हंगाम होता.

मी दिंद्रुडची. तिथल्या माणसांना बोलायला शिकवावं लागत नाही. लग्न होऊन मी पाटोद्याच्या पलीकडच्या एका गावात आले. काळी माती सोडून मुरमाड माळावर आले म्हणा ना. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती घरं, मोजकीच. मध्ये पत्र्याचं देऊळ. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. त्याला घंटा नव्हती, रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो दगडाने वाजवायचा. घरात सासू आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणे. नवरा पलटणीत होता. लग्नाची सुट्टी संपवून तो गेला तोवर आमच्यात जे बोलणं झालं, ते इतकं थोडं होतं की मला अजून पाठ आहे. चहात साखर जास्त लागते हे एक. आणि जाताना म्हणाले होते, "आईला लई बोलू नको, ती बी लई बोलती."

तर मूठ. आमच्या घरांतून तेव्हा रीत होती. संध्याकाळी चूल पेटवण्याआधी घरच्या बाईने धान्याची एक मूठ काढायची, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव घ्यायचं आणि ती मूठ कोपऱ्यातल्या गाडग्यात सोडायची. रविवारी गाडगं देवळात न्यायचं. ते धान्य पाळकाच्या घरी जाई किंवा ज्याची चूल पेटत नसेल त्याच्या घरी जाई. मूठ बायकांची. पुरुष त्या गाडग्याला हात लावत नसत. त्यांची प्रार्थना देवळात, उभं राहून, मोठ्या आवाजात.

नाताळच्या तोंडावर पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. नाताळ होऊन गेला आणि तार आली. पोस्टमनने दारात उभं राहूनच वाचली. बेपत्ता. मला त्या शब्दाचा अर्थ कळला, पण त्याचं करायचं काय ते कळेना. मेलेल्यासाठी रडतात, जखमी असेल तर भेटायला जातात. बेपत्ता माणसाच्या बायकोने संध्याकाळी काय करावं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून मी चूल पेटवायला बसले.

आत्याबाईंनी मूठ काढली. "माझ्या सामूसाठी," म्हणाल्या आणि सोडली. मग पुन्हा पोत्यात हात घातला आणि दुसरी काढली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तिकडल्या कुन्या बाईच्या लेकाची. त्योबी हारपला असल."

"तिकडल्या? त्यांनीच तर—"

"त्येंनी न्हाई. एका बाईचा लेक म्हनले मी."

मला संताप आला. आता इतकी वर्षं झाली, पण तो संताप चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. विशीतली पोर, नवरा पुरता बघितलाही नव्हता, आणि त्याच्या नावाच्या मुठीशेजारी त्याच गाडग्यात, त्याच ज्वारीत मिसळून, गोळ्या झाडणाऱ्याची मूठ. देवाने ती वेगळी कशी ओळखायची? मी त्या रात्री जेवले नाही. आत्याबाई जेवल्या. त्यांचं एक होतं, कितीही दुःख असो, भाकरीवर राग काढत नसत.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. आमच्याच गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, मग वरच्या आळीला कळलं. गावच्या सोसायटीचे चेअरमन म्हणजे गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत. सोसायटीच्या गोदामासमोर आम्ही रांगेत होतो तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत आत्याबाईंना छेडलं.

"सगुणाबाई, लोक बोलत्यात, तुमी पाकिस्तानाला मूठ घालता म्हनं?"

"पाकिस्तान लई मोठा हाय, तात्या," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या मुठीत कसा मावंल? मी एका पोराची टाकते."

लोक हसले. तात्याही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण रांगेतला मागचा एक बाप्या हळूच म्हणाला होता, "ह्येंचं काळीजच तिकडं." त्याचं तोंड मला आजही आठवतं. मी वळून त्याला जे बोलले ते देवळात जाणाऱ्या बाईने लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर आत्याबाईंवर मी त्याहून जास्त चिडले. तुमच्या दुसऱ्या मुठीपायी लोक आपल्याला काय काय म्हणतात, म्हटलं. त्या दळण निवडत होत्या. "म्हनू दे की," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या शेवटी सरकारी कागद आला. हे जिवंत होते. जखमी होऊन पकडले गेले होते आणि पलीकडे कैदेत होते. मी त्या दिवशी देवळातल्या रुळावर दगड इतका बडवला की तेव्हाचे पाळकसाहेब पंचा गुंडाळून धावत आले. जिवंत हा शब्द पुरता तोंडात घोळवून व्हायच्या आत दुसरं भय आलं. कैदेतला माणूस सुटतो कधी? आणि सुटतोच का?

मी आत्याबाईंना म्हटलं, आता कळलं मला तुमचं. आपण त्यांच्या पोराची मूठ टाकायची, म्हणजे तिकडची कुणीतरी आपल्या माणसाला सांभाळील. मला वाटलं, अखेर मला त्यांचा हिशेब समजला. पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी पिठात मीठ म्हणून चुना घातला.

"सोसायटीचा शेअर हाय का ह्यो," म्हणाल्या, "भरला तरच मिळंल असा? तिनं टाकली तर देव तिचं भलं करो. न्हाई टाकली तरी माझी पडंलच."

पाऊस आला नाही. मृग गेला, पोळा गेला, सगळे कोरडे. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायचं आणि तेही गढूळ. गुरं बाजारात गेली, त्यांची घुंगरं खुंटीला राहिली. रस्त्याचं दुष्काळी काम निघालं आणि सगळं गाव खडी फोडायला बसलं, पाटील आणि आम्ही एकाच ढिगापाशी. उन्हात दगडाचा एक वास असतो, फुटताना येतो, जळक्यासारखा. दुपारी खायला सुकडी मिळे, सरकारी गोड पीठ. तिच्यासाठी पोरं काम करणाऱ्यांच्याही आधी येऊन बसत. आणि सोसायटीत आपल्या ज्वारीच्या जागी परदेशातला तांबडा मिलो आला. त्याचा वास कुबट, भाकरी थापताना कडेने चिरायची, पोटात दगडासारखी बसायची. तीही पोटभर नाही. त्या मिलोच्या दोन दोन मुठी रोज बाजूला जात होत्या. आत्याबाईंची मनगटं पोरीच्या मनगटाएवढी झाली होती.

एवढं सगळं सांगते आहे, पण मला तो काळ वाईट म्हणून आठवत नाही, ही गंमत आहे. आठवतं ते खडीच्या ढिगाआड बायकांनी दुपारी धरलेलं गाणं. संध्याकाळी कामावरून परत येताना माळावर पडलेल्या आमच्या दोघींच्या लांब सावल्या, एक बुटकी आणि एक उंच. डोक्याला धूळ इतकी की आत्याबाई म्हणायच्या, "मार्था, तू म्हातारी झालीस की माझ्याआधी." सासूसुनेत ओलावा यायला पाऊसच लागतो असं नाही.

मग त्यांच्या हाताला लागलं. ढिगातला दगड उचलून देताना वरचा घरंगळला आणि उजवा हात सापडला. कंपाउंडरने फळी लावून बांधला. फळी निघाली तेव्हा हात होता, पण बोटं मिटत नव्हती. भाकरी मोडता येत होती, तांब्या धरता येत नव्हता. मूठ तर वळतच नव्हती. आणि डाव्या हाताने देवाला द्यायचं नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर बाजेवर पडल्या होत्या. आत मी चुलीपाशी. "मार्था," हाक आली, "मुठी टाक."

मी एक काढली, मनात यांना आठवलं, सोडली. आणि थांबले.

"दुसरी?"

"तुमची तुमी टाका, हात बरा झाल्यावर."

"ह्यो हात बरा व्हनार न्हाई, तुलाबी ठावं हाय, मलाबी."

त्या हाताकडे बघून नाही म्हणणं मला जमलं नाही. मी पोत्यात हात घातला आणि बोटं सैल ठेवून चार दाणे गाडग्यात सोडले. बाहेरून लगेच आवाज, "ही मूठ हाय का चिमूट?" गाडग्यात पडणाऱ्या दाण्यांवरून त्यांना सगळं कळे. ज्वारी की मिलो, मूठ भरली की नाही, टाकणारी रागात आहे की नाही.

मी बाहेर आले. म्हटलं, "आत्याबाई, खरं सांगते. माझ्यानं व्हत न्हाई. ज्याचं तोंड बघितलं न्हाई, ज्याचं नाव ठावं न्हाई, त्येच्यासाठी काय मागू? नावच न्हाई तर देवाला सांगू तरी कुनाचं?"

त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या, तारेनंतर पहिल्यांदाच.

"तुझ्या नवऱ्याचं नाव कदी घेतलंस का गं तू? बायांच्या सभेत सगळ्या लेकरांची नावं घेत्यात, तू 'घरच्यांसाठी' म्हनतीस. लाजंनं जीभ उचलत न्हाई तुझी. तरी देवाला कळतंय न्हवं घरचा कोन त्ये? का त्येनं आजपातूर भलत्याच कुनाला सांभाळलं?"

दिंद्रुडच्या माणसाला गप्प करणं सोपं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमची रीत, धर्म बदलला तरी ती काही बदलली नव्हती. मी वर्षभर बिननावाच्या माणसासाठीच तर मागत होते.

तरी दुसरी मूठ माझ्या हातून भरून पडत नव्हती. समजणं वेगळं आणि बोटं आवळणं वेगळं.

सोसायटीच्या कचेरीत रेडिओ होता. कामावरून आल्यावर संध्याकाळच्या बातम्या ऐकायला आम्ही पायरीवर जाऊन बसायचो. कैदी सुटणार की नाही याच्या वाटाघाटी चालल्या होत्या, आणि तात्या, ज्यांनी रांगेत छेडलं होतं तेच, आत्याबाईंसाठी रेडिओ खिडकीत आणून ठेवायचे. एकदा काटा फिरवताना भलतंच काही लागलं. आपल्याच रेडिओवरून आपल्याकडच्या त्यांच्या कैद्यांचे निरोप सांगत होते, ज्याच्या त्याच्या आवाजात, त्यांच्या घरच्यांसाठी. तात्या काटा पुढे सरकवायला लागले तर आत्याबाईंनी न मिटणारा हात वर केला. त्या निजामाच्या राज्यात वाढलेल्या, उर्दू त्यांना चांगली कळे. कळत आम्हालाही होतं.

एक पोरगा बोलत होता. आवाज फुटलेला, पाठ केल्यासारखा. "अम्मी, मैं खैरियत से हूँ. मेरी फिकर मत करना. सबको मेरा सलाम." एवढं म्हणून थांबला. आपल्याला वाटावं संपलं. मग घाईने, कुणीतरी मागून ढकलत असावं तसं, म्हणाला, "अम्मी, बकरी ब्याई क्या?"

आणि दुसऱ्याचा आवाज सुरू झाला.

तात्यांनी रेडिओ बंद केला. त्यांच्या स्वतःच्या शेळ्या पावसाळ्यातच बाजारात गेल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "बकरी याली का इचारतोय. जाताना गाभन आसंल." मग पायरीवरून उठताना, "आता ती त्येला कसं सांगंल?"

घरात आले, चुलीपाशी बसले. माझी नेहमीची मूठ टाकली. मग पोत्यात हात घातला आणि कधी नव्हे ती बोटं आपोआप आवळली गेली, इतकी की मिलोचे दाणे तळव्यात रुतले. बाहेरून या वेळी विचारणा झाली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मुठीला बकरीवाल्याची मूठ म्हणायला लागलो.

आता टीव्हीवर युद्ध दिसतं तेव्हा मुलगा म्हणतो, आई, कशाला बघतेस, रात्री झोप येत नाही तुला. पण मी धूर आणि पडक्या इमारती बघत नाही. मी बघते ती त्या ढिगाऱ्यापुढून चालणारी एखादी बाई. हातात काय घेऊन निघाली आहे ते बघते. एकदा एकीच्या हातात नुसतं झाकण होतं, भांड्याचं. भांडं राहिलं असेल आत. त्या संध्याकाळी मी तांदळाच्या डब्यातून झाकणवालीची मूठ काढली. सून हसते मला. हसू दे. तिच्या किचनमध्ये गाडगं नाही, प्लॅस्टिकची बरणी आहे, दाणे पडल्याचा आवाज येत नाही, म्हणून मी जरा उंचावरून सोडते.

हे आले दुसऱ्या नाताळाच्या आधी. शिवार बोडकं, कुठे हुरडा नाही, कडबा नाही, आणि त्या उघड्या माळावरून एक माणूस चालत येताना लांबूनच दिसला. पाटोद्याला एसटीतून उतरून पायी निघाले होते. मी ओळखलं नाही. आत्याबाईंनी ओळखलं. त्या बाजेवरून उठल्या आणि पडल्या आणि पुन्हा उठल्या. गल्ली गोळा झाली, तात्या आले, रांगेत टोमणा मारणारा तो बाप्याही आला आणि यांचा हात धरून रडला. मी दाराआडून बघत होते. हाडांवर कातडी, एक पाय ओढत चालणारे, आणि तरी डोळे तेच. माणसं पांगेपर्यंत दिवस मावळला.

मी चुलीपाशी बसले. हे भिंतीला टेकून बसले होते, हातात चहा, साखर नव्हती म्हणून गुळाचा. आत्याबाई बाहेर बाजेवर. मी पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि गाडग्यात सोडली. मग हात झटकला आणि पीठ ओढलं.

"एकच पडली," बाहेरून आवाज आला. "कुनाची ती?"

"बकरीवाल्याची," मी म्हटलं. "तुमचा आलाय. त्या अम्मीचा अजून यायचाय."

यांनी कप खाली ठेवला. "कोन बकरीवाला?"

वर्षभर मी गावाला उत्तरं दिली होती, पण या माणसाला काय सांगू? तो पाय, ती हाडं तिकडच्यांकडूनच आली होती. मी मान खाली घालून पीठ मळत सगळं सांगितलं. त्यांच्या आईची दुसरी मूठ, हात, रेडिओ, बकरी. पीठ मळून झालं तरी मळत राहिले. वाटलं, हे आता गाडगं उचलून अंगणात फेकतील, आणि फेकलं तर मला त्यांना अडवता येणार नव्हतं.

ते उठले. भिंत धरून, पाय ओढत कोपऱ्यात आले आणि खाली बसले. गाडग्यात वाकून बघू लागले.

"आत बसल्यावर दिवस सरत न्हाई," म्हणाले. "बारीकसारीकच आठवतं."

मग त्यांनी पोत्यात हात घातला. आमच्या गल्लीत कुण्या पुरुषाने कधी मूठ टाकली नव्हती. त्यांना किती घ्यायचे तेही कळत नव्हतं, बोटांतून निम्मे दाणे जमिनीवर सांडले. उरलेले गाडग्यात पडले.

बाजेची दोरी करकरली. आत्याबाई उठून बसल्या असाव्यात.

"मार्था, ही मूठ कुनाची गं?" त्यांनी विचारलं. "हात वळकू यीना मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीवरचे दाणे एकेक करून वेचत होते. आणि मग माझी जीभ उचलली, लग्नानंतर पहिल्यांदा.

"शमुवेलची," मी म्हटलं.